आजोळची वाट

गोव्यातील रस्त्यांचा इतिहास आजवर बहुधा तीन निमित्तांनी लिहिला गेला आहे : लष्कराच्या हालचाली, व्यापार आणि धर्मकारण. कोणत्या घाटाने कोणाची फौज उतरली, कोणत्या नाक्यावर किती जकात गोळा झाली, कोणत्या वाटेने देव स्थलांतरित झाले, याविषयी आपल्याकडे बरेच लेखन आहे. मात्र याच वाटांवरून वर्षातून दोनदा, वैशाखात आणि भाद्रपदात, नेमाने येणारा-जाणारा एक प्रवासी असा आहे, की त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्याचे तिकीट अर्धे असे किंवा मुळीच नसे. सामानाच्या यादीत वळकट्यांच्या आणि फणसांच्या जोडीने त्याची गणना होई. आईच्या कडेवर बसून, वडिलांचे बोट धरून किंवा बैलगाडीत पेंढ्यावर झोपून आजोळी जाणारे मूल, हा तो प्रवासी होय.

‘सहकुटुंब सहल’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अलीकडचा आहे. त्याआधी माणसे ‘गावाला’ जात. गावाला जाणे यात मौज होती, पण मौजेसाठी कोणी जात नसे. लेकीने माहेर धरून ठेवावे, मुलांनी कुलदेवतेच्या पायरीवर डोके टेकावे, भावाबहिणींनी एका पंगतीत जेवावे, आणि सामाईक घरावरील आपला वाटा जिवंत आहे हे न बोलता साऱ्यांना कळावे, अशा अनेक हेतूंनी ही यात्रा घडे. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील दोन महालांत तर तिला आणखी एक पदर होता. इथे आजोळ अनेकदा सीमेपलीकडे असे.

या दोन महालांचे भूगोलातील स्थान ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पेडणे हा दोन नद्यांमधला प्रदेश आहे. उत्तरेला तेरेखोलची नदी, दक्षिणेला शापोरा, जिला जुनी माणसे कोलवाळची नदी म्हणत, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारी जमीन. डिचोलीच्या दक्षिण अंगाला मांडवी वाहते, साखळीवरून वाळवंटी येते आणि उत्तरेला दोडामार्गाकडे वाट निघते. म्हणजे पेडण्यात कोठूनही या, बहुतेक वाटांवर पाणी ओलांडावे लागे. डिचोलीत या, तर घाट किंवा नदी यांपैकी एक तरी चुकत नसे. तान्ह्या मुलाला घेऊन निघालेल्या बाईला या भूगोलाचा अर्थ कोणत्याही सेनापतीइतकाच नीट समजत असला पाहिजे.

हे प्रदेश पोर्तुगीजांकडे फार उशिरा आले. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात त्यांच्या ताब्यात गेल्या; डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल मात्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत, सावंतवाडीकर भोसल्यांशी झालेल्या संघर्षांतून आणि तहांतून नव्या काबिजादींत जमा झाले. पेडणे कायमचे गेले ते १७८८मध्ये. तोवर पेडणे, बांदा, सावंतवाडी, डिचोली हा व्यवहाराचा आणि सोयरिकीचा सलग पट्टा होता. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या घराण्याचे मूळ पेडणे महालातील पालये गावाशी जोडलेले आणि कुलकर्णपद बांद्याचे, यात त्या काळी कोणाला काही विशेष वाटले नसणार. सोहिरोबांच्या साक्षात्काराची जी कथा परंपरेने सांगितली जाते, तीही वाटेवरचीच आहे. सावंतवाडीच्या दरबारातून तातडीचे बोलावणे आले, म्हणून ते बांद्याहून फणस बरोबर घेऊन निघाले आणि इन्सुलीच्या रानात त्यांना नाथपंथी सिद्धपुरुष भेटला. कथेचा आध्यात्मिक अर्थ काहीही असो. या वाटेने जाणारा माणूस शिदोरी म्हणून फणस घेऊन निघतो, हा तपशील मला मोठा बोलका वाटतो. पुढे दोनशे वर्षे तीच शिदोरी उलटसुलट दिशांनी प्रवास करीत राहिली.

१७८८च्या व्यवस्थेने या पट्ट्यातून एक रेघ गेली. रेघ कागदावर होती तोवर लग्नसंबंधांनी तिची फारशी दखल घेतली नाही. बांद्याची लेक पेडण्यात, पेडण्याची सावंतवाडीत, दोडामार्गाकडची डिचोलीत आणि साखळीची बेळगावकडे, हे चालूच राहिले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे पुष्कळ मुलांचा जन्मच एका राज्यात आणि बारसे झाल्यावरची पहिली वाटचाल दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. आयुष्यातला पहिला प्रवास राज्याची सीमा ओलांडून करणारी ही मुले तेव्हा झोपलेली असत, एवढेच.

त्या काळातील प्रवासाची साधने थोडी होती. ऐपतदार घरची बाळंतीण मेण्यातून किंवा डोलीतून निघे, इतरांची बैलगाडीतून, आणि ज्यांच्याकडे तेही नसे त्यांची पायी. उन्हाच्या आत टप्पा गाठण्यासाठी गाड्या पहाटे जुंपल्या जात. टप्पा म्हणजे देऊळ, धर्मशाळा किंवा ओळखीच्यांची पडवी. वेशीवर, ओढ्याकाठी राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय मूल पुढे न्यायचे नाही, आणि घराच्या उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत घ्यायचे नाही, हे दोन नियम मात्र मेण्यातल्यांना आणि पायी आलेल्यांना सारखेच लागू होते. आज आपण या चालींना भाबडेपणा म्हणून मोकळे होतो. पण देवीची साथ आणि हिवताप यांच्या दिवसांत लहान मुलाला गावाबाहेर काढणे ही जिवाची जोखीम होती, आणि तिच्यापुढे माणसाच्या हाती एवढेच उपाय होते.

या प्रदेशातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी ज्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे असा एक प्रवासी म्हणजे मांद्रे गावचा रामचंद्र विठ्ठल लाड. १८२०च्या दशकात जन्मलेला हा मुलगा बालपणीच वडिलांबरोबर मुंबईला गेला. बुद्धिबळातील त्याचे चातुर्य पाहून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड म्हणून तो पश्चिम भारताच्या विद्याक्षेत्रात अग्रभागी चमकला. मांद्र्याहून मुंबईपर्यंतची त्याची वाट कशी झाली असेल? त्या काळात कोकण किनाऱ्यावर आगबोटींची नियमित ये-जा नव्हती. शिडाची गलबते होती, नाहीतर पायवाट आणि घाट होते. एवढ्या दूर जाऊन सुट्टीत परतणे ही कल्पनाच त्या पिढीला शक्य नव्हती. मूल एकदा गेले, की ते गेले.

सुट्टीत गावी येणे ही गोष्ट शक्य केली ती आगबोटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या आणि मुंबईला नोकरी करणारा गोमंतकीय बायकामुलांसह वर्षाकाठी घरी येऊ लागला. गिरगाव-मुंबादेवीच्या परिसरात स्थायिक झालेला हा समाज इतका वाढला, की १९१९मध्ये मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन ही संस्था उभी राहिली. संस्था, मंडळे, शिष्यवृत्त्या, नाटके यांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्या संस्थांच्या सभासदांची मुले दर मे महिन्यात कोठे जात होती, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

बोटीचा प्रवास सुमारे एका दिवसाचा होता. मुंबईचा धक्का सुटला, की दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत ती पणजीला पोचे. बहुतेक कुटुंबे डेकवर असत. धक्क्यावरून बोटीत शिरताच वडिलांचे पहिले काम म्हणजे वळकटी सोडून चादर पसरणे, कारण जेवढी चादर तेवढी जागा. त्या चादरीच्या सीमेवरून शेजारच्या कुटुंबाशी सुरुवातीला जे भांडण होई, त्याचे रत्नागिरीपर्यंत ओळखीत आणि विजयदुर्गापर्यंत दशम्या-लाडवांच्या देवघेवीत रूपांतर झालेले असे. मुलांना ‘बोट लागे’. हा मराठीतला मोठा अर्थवाही प्रयोग आहे. पुढे बोटी गेल्या आणि मुलांना ‘गाडी लागू’ लागली, तरी क्रियापद तेच राहिले. आवळकाठी, लिंबू, सुंठ आणि कपाळावर आईचा हात, एवढी औषधे बरोबर असत.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. खाली हेलकावणारा पडाव, वर बोटीचा कठडा, आणि मधल्या क्षणी खलाशाच्या हातातून खलाशाच्या हाती जाणारे पोर. त्या क्षणी आई श्वास रोखून धरी. असे उतरवले गेलेले मूल आज कोणाचे आजोबा किंवा पणजोबा असेल, तर त्यांना विचारून पाहावे. समुद्र विसरला असेल, पण तो अधांतरीचा क्षण विसरलेला नसतो. पेडण्याच्या उत्तर भागातील कुटुंबांना पणजीपेक्षा वेंगुर्ला सोयीचे पडे. तेथून शिरोड्यावरून आरोंद्याला यावे आणि होडीने किरणपाणीला उतरावे, की पेडणे महाल आला. डिचोलीकर पणजीला उतरून मांडवी ओलांडत आणि बेतीहून म्हापसा-अस्नोड्याच्या वाटेला लागत. गासोलीन म्हणजे इंजिनावर चालणारी होडी आणि कामियांव म्हणजे लाकडी बांधणीची बस, ही दोन पोर्तुगीज वळणाची नावे मुंबईच्या मुलांना उतरल्या उतरल्या शिकावी लागत, आणि ती मुंबईच्या शाळेत परत गेल्यावर सांगण्याची ऐटही काही और असे.

बोटीने सुट्टीला एक कडक वेळापत्रकही दिले. पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक बंद पडे. म्हणून मे महिना समुद्राने आणि चतुर्थी डोंगराने, अशी विभागणी होऊन बसली. भाद्रपदात यायचे, तर पुण्यावरून आगगाडीने बेळगाव किंवा लोंढा गाठायचे आणि मग घाट उतरायचा. मेअखेरची शेवटची बोट चुकली, तर मुले जूनमध्ये शाळेला मुकणार, हे नक्की. आजीला ही शेवटची बोट तिथीइतकी पाठ असे.

जकातीचा जाच हा या प्रवासाचा अविभाज्य भाग होता. मधली बारा वर्षे मात्र याला अपवाद आहेत. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही मुलखांमधली जकातीची भिंत काढून टाकली. त्यामागे मिठाची मक्तेदारी आणि मुरगावच्या रेल्वेचे राजकारण होते आणि त्या मक्तेदारीने गोव्यातील मिठागरांचे हाल झाले. १८९२मध्ये तह संपुष्टात आला आणि नाके पुन्हा उभे राहिले. आर्थिक इतिहासकार या तहाचा हिशेब मीठ आणि महसूल यांत मांडतात, आणि ते योग्यच आहे. पण १८८० ते १८९२ या काळात आजोळी गेलेल्या मुलांनी पत्रादेवीच्या बाजूला किंवा दोडामार्गाला आपल्या आईचे गाठोडे सोडलेले पाहिले नसेल, एवढी नोंद त्या हिशेबाच्या समासात करून ठेवायला हरकत नाही.

यानंतरचा भाग सांगताना लेखणी जड होते. १९५४पासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी कडक करत नेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही सीमेवर ठिकठिकाणी गोव्यात शिरले. पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळीबार केला; कर्नेलसिंग यांच्यासह अनेकांनी तेथे प्राण ठेवले. त्यानंतर सीमा बंद झाली, आगगाडी थांबली, १ सप्टेंबरला भारताने पणजीतील आपली वकिलात बंद केली. मुंबई-पणजी बोटही थांबली. राजकीय दृष्टीने हे अटळ होते, आणि ज्यांनी रक्त सांडले त्यांच्यापुढे कोणाच्या सुट्टीची गोष्ट काढणे काहींना क्षुद्र वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी ती माणसे मेली, त्यात घरच्या माणसाला भेटण्याचे स्वातंत्र्य आलेच होते.

बांदा आणि पेडणे यांमधले अंतर बैलगाडीने अर्ध्या दिवसाचे. या काळात तेच अंतर कायद्याने पार करायचे, तर परवाना हवा. अनेक कुटुंबांना कारवारच्या बाजूने जावे लागे : माजाळीच्या भारतीय नाक्यावर उतरायचे, सामान आणि मुले घेऊन मधला निर्मनुष्य पट्टा पायी तुडवायचा, पोळ्याच्या पोर्तुगीज नाक्यावर पुन्हा तपासणी, आणि मग काणकोणपासून सारा गोवा दक्षिणोत्तर ओलांडून पेडण्याला पोचायचे. घराच्या परसातून पलीकडच्या मुलखातला डोंगर दिसतो, आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या आईला भेटायला हा वळसा! पुढे प्रवासाची बंधने काही प्रमाणात सैल झाली, तरी परवान्यासाठी कारण लागेच. आजारपण, मृत्यू, मालमत्तेचे काम ही कारणे अर्जात लिहिता येतात. मुलांना आजी दाखवायची आहे, हे कारण कोणत्या रकान्यात लिहायचे?

परिणाम साधा आणि निष्ठुर होता. १९५५मध्ये दोन वर्षांचे असलेले मूल १९६१च्या डिसेंबरात आठ वर्षांचे झाले होते. सहा मे महिने आणि सात चतुर्थ्या मधल्या मध्ये गेल्या. ज्या वयात आजोळ अंगात मुरते, नेमके तेच वय नाकेबंदीने घेतले. दरम्यान गोव्यातले चलनही बदलले. १९५९च्या आरंभापासून जुन्या रुपयाची जागा एस्कुदोने घेतली आणि नातवंडांसाठी आजीने डब्यात जपून ठेवलेली खाऊची नाणी जुनी झाली. या सहा वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंना किती म्हातारी माणसे नातवंडांना न पाहता गेली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात तुरुंगवास, छळ, हद्दपारी यांच्या याद्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. ही यादी मात्र घराघरांत तोंडीच राहिली आणि ती सांगणारी पिढी आता संपत आली आहे. आपल्या संस्थांनी निदान पेडणे, बांदा, दोडामार्ग, डिचोली या पट्ट्यातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना गाठून हे वेळीच टिपून घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य दोडामार्गाच्या बाजूने आत आले, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोडा येथील पूल उडवले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढच्या चैत्र-वैशाखात मुलांना घेऊन माहेरी निघालेल्या लेकींच्या वाटेवर मोडके पूल होते. नाके मात्र नव्हते. बोटही पुन्हा सुरू झाली. पुढच्या काळातील ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे साठीच्या आसपासच्या वाचकांच्या ओठांवर अजून असतील. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा बंद पडली.

नंतरच्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हा पुलांचा आणि चाकांचा आहे. मुंबई-गोवा महामार्ग पत्रादेवीवरून पेडणे, धारगळ, कोलवाळ, म्हापसा असा आला. त्याचा क्रमांक आधी १७ होता, आता ६६ आहे. १९८०मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि नव्या पिढीच्या मुलांना आपल्या आजोबांसारखे बेतीला फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. त्यांना त्यात मौज वाटली, मोठ्यांना नाही. चालू शतकाच्या आरंभी शिवोली-चोपडे पूल झाला, मागाहून आरोंदा-किरणपाणीही जोडले गेले. पाणी ओलांडण्याचा विधी एकेका ठिकाणी संपत गेला.

डिचोलीच्या वाट्याला मात्र या काळात वेगळाच रस्ता आला. खाणींच्या भरभराटीत या महालातील रस्ते खनिजवाहू ट्रकांनी व्यापले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून साडेचार कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. त्याचा मोठा हिस्सा डिचोली-साखळीच्या परिसरातून मांडवीवरच्या बार्जांकडे धावत होता. मयेच्या तळ्यावर, हरवळ्याच्या धबधब्यावर किंवा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला मुलांना नेणारी कुटुंबे खिडकीच्या काचा चढवून बसत आणि तरीही घरी आल्यावर मुलांच्या केसांतून तांबडी माती निघे. वेळेवर पोचण्याच्या घाईत सुटलेल्या त्या ट्रकांच्या मध्ये स्कूटरवर पुढे एक आणि मागे एक मूल घेऊन जाणारा बाप हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या काळच्या सुबत्तेबद्दल ऐकताना काहीसे अस्वस्थ वाटते. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि अलीकडे नव्या लिलावांनंतर हळूहळू सुरू होत आहेत. रस्ते मोकळे होते त्या वर्षांत ट्रकमालकांच्या घरांत सुट्टीला कोठे जायचे हा प्रश्न उद्भवत नव्हता, हेही याच हिशेबात लिहिले पाहिजे.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबईहून पेडणे एका रात्रीवर आले. बोटीतल्या मुलांनी बंदरे मोजली, रेल्वेतल्या मुलांनी बोगदे. नव्वदांहून अधिक बोगदे मोजता मोजता झोप लागते आणि पेडण्याचा लांबलचक बोगदा नेमका तेव्हाच निघून जातो, ही तक्रार प्रस्तुत लेखकाने दोन पिढ्यांच्या तोंडून ऐकली आहे. त्यानंतर मोप्याच्या पठारावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. मुंबईचे मूल आता तासाभरात थेट पेडणे तालुक्यात उतरते. एकही नदी न ओलांडता पेडण्यात येणारी ही पहिलीच पिढी.

ती कोठे जाते? येथे या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळाले आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या गावांचा किनारा गेल्या तीन दशकांत पर्यटनाने भरून गेला. मोरजीच्या टेंबवाड्यावर कासवे अंडी घालायला येतात, ती पाहायला मुले येतात. हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जातात. यांपैकी काही मुलांचे पणजोबा याच तालुक्यातले असतात. पण मूळ घर बंद असते. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून लागू झाली आणि तिने मुलगा-मुलगी यांना वारशात सारखा हक्क दिला. तो न्याय्यच होता. त्यामुळे येथे माहेर हे लेकीच्या मायेचे तसेच हक्काचेही घर राहिले, आणि सुट्टीत मुलांसह येऊन राहण्याला त्या हक्काचेही बळ होते. परंतु तीन-चार पिढ्यांत एका घराला पंचवीस-तीस वारस झाले. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी आखातात, कोणी पोर्तुगालमार्गे इंग्लंडला. छपराचे नळे कोणी परतायचे, यावर एकमत होईना आणि कुलुपावर गंज चढला. अशा कुटुंबातील नातू आईवडिलांबरोबर मांद्र्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलात चार दिवस राहतो, पोहतो, आणि एका संध्याकाळी भाड्याच्या गाडीतून ‘आपले घर’ बाहेरून पाहून येतो. त्याच्या हातात फणस नसतो. हॉटेलात त्याचा वास चालत नाही.

याचा दोष मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना देण्यात अर्थ नाही. सुट्ट्याही आक्रसत चालल्या आहेत. २०२५पासून गोव्यात सहावीच्या पुढील वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले; वार्षिक परीक्षा संपताच आजोळी पळण्याचे ते पंधरा दिवस त्यात गेले. मे महिना उरला, पण त्याचेही तुकडे शिबिरे आणि शिकवण्या यांच्यात वाटले जातात. पंधरा दिवस घर उघडून, विहीर उपसून, अंगण सारवून राहणे आणि चार दिवस कोठेतरी उतरणे यांतला फरक रजेच्या हिशेबाने आधीच ठरवलेला असतो.

चतुर्थीला मात्र अजून वेगळे चित्र दिसते. दीड दिवसांसाठी, पाच दिवसांसाठी का होईना, पेडणे-डिचोलीतील बंद घरांची दारे उघडतात. माटोळीला कांगणे, कवंडाळ, चिबूड, तोरिंग बांधताना नावे न कळणारी मुले खाली उभी राहून एकेक फळ वर देत असतात, आणि शिडीवरचा काका त्यांना ते नाव तीन-तीनदा म्हणायला लावतो. कोजागरीला पेडण्याची पुनव असते, चैत्रात साखळीची चैत्री. तेथून खाज्यांचा पुडा घेतल्याशिवाय मूल घरी परतत नाही.

आणि केरीची फेरीबोट चालू आहे. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या भूमीला चिकटून असूनही पेडणे तालुक्यात मोडतो. त्यामुळे केरीहून निघालेले मूल पाणी ओलांडते तरी गोव्यातच राहते, आणि रेडीच्या बाजूने जमिनीवरून आलेले मूल पाणी न ओलांडता गोव्यात येते. बोटीच्या कठड्याशी उभे असलेले कोणतेही पाच-सहा वर्षांचे पोर मध्यावर आल्यावर हमखास विचारते, की आता आपण कुठे आहोत. मोठ्यांपैकी एखादा उत्तर देतो, एखादा वाद घालतो, आणि तेवढ्यात दुसरा काठ लागतो.